‘मॅगॉट ब्रेन’सारखा गिटारचा आवाज फ्लॅटमध्ये कसा काढायचा? (फझ, वाह, एको)

कोथरूड_सहातारी

मंडळी, फंकाडेलिक या अमेरिकन फंक-रॉक बँडच्या ‘मॅगॉट ब्रेन’ (१९७१) या अल्बममधलं पहिलं, दहा मिनिटांचं गिटारवादन डोक्यात ठेवून घरी एक तुकडा रेकॉर्ड करायचा आहे. सुरावट हुबेहूब उचलायची नाही, पण आवाजाची जात तीच हवी.

सामान असं: तीन सिंगल कॉइल पिकअपची स्ट्रॅट पद्धतीची गिटार, दोन ट्रान्झिस्टरचा सिलिकॉन फझ (आवाज मुद्दाम फाडणारं पेडल), क्राय बेबी पद्धतीचा वाह (पायाने फिल्टर सरकवायचं पेडल), डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारं पेडल), दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (गिटार लॅपटॉपला जोडणारा डबा) आणि हेडफोन. अँप नाही. सोसायटीत रात्री दहानंतर आवाज चालत नाही आणि वेळ मिळतो तो रात्रीच.

अडचणी:

वाह आधी आणि फझ नंतर लावला की वाहचा ‘वाँव’ जवळजवळ नाहीसा होतो, वर मधूनच शिट्टी वाजते. फझ थेट इंटरफेसमध्ये घातला की डास गुणगुणल्यासारखा पातळ, किरकिरा आवाज येतो. लांब धरलेला सूर दोन-तीन सेकंदांत मरतो. संध्याकाळी दिवे-पंखे लागले की गुरगुर इतकी वाढते की शांत जागा वापरताच येत नाहीत. आणि मागे कोणता ट्रॅक ठेवावा? इंटरनेटवरचे ड्रम असलेले ई मायनर ट्रॅक लावून पाहिले, पण ते जमत नाही.

आणखी एक: यात बेसवर बूट्सी कॉलिन्स आहे का?

---

पासोड्याचा_सोल्डर

वाह आणि फझचं भांडण आधी मिटवू, कारण बाकीचं बरंच त्यावर अवलंबून आहे.

दोन ट्रान्झिस्टरचा फझ म्हणजे फझ फेस या जुन्या पेडलचा सर्किट. त्याचा इनपुट इम्पिडन्स (येणाऱ्या सिग्नलला होणारा रोध) फार कमी असतो, काही किलोओमच्या घरात. वाहमध्ये पायाखालच्या पॉटला (फिरवून बदलायच्या रेझिस्टरला) सिग्नल जातो तो पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरून, आणि आउटपुटही तिथूनच निघतं. त्या जागी फझचा कमी इम्पिडन्स येऊन बसला की सिग्नल तिथेच दबतो, पॉटला पुरेसा पोचत नाही, आणि फिल्टर सरकायचा थांबतो. वाह बिघडलेला नाही. शिट्टीही या जोडीतूनच येते, फझ पूर्ण उघडा असताना जास्त.

उपाय दोन आहेत. सोपा उपाय म्हणजे क्रम उलटा करा: गिटार, फझ, वाह. वाह नीट आणि जरा अति चालेल, कारण फझने भरपूर वरचे स्वरांश तयार करून दिलेले असतात आणि फिल्टरला चावायला माल मिळतो. आवाज मात्र सिंथसारखा होतो. या क्रमात फझचा व्हॉल्यूम खाली ठेवा, नाहीतर वाहचा पहिला ट्रान्झिस्टर स्वतःच फाटायला लागतो.

दुसरा उपाय वाह आधी ठेवूनच. वाहच्या आत, आउटपुटला, एका ट्रान्झिस्टरचा एमिटर फॉलोअर बफर (दोन पेडलना एकमेकांच्या ओझ्यापासून वेगळं ठेवणारा टप्पा) बसवायचा. तो बायपास स्विचच्या आतल्या बाजूला हवा, म्हणजे वाह बंद केल्यावर गिटार सरळ फझला भेटते. हे महत्त्वाचं आहे. फझ फेसला गिटारचा पिकअप थेट दिसला पाहिजे. मध्ये कायमचा बफर आला की आवाज कडक होतो आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी करून फझ साफ करण्याची सोय जाते. बफरनंतर १० ते २२ किलोओमचा रेझिस्टर मालिकेत टाकलात तर कडकपणा बराच मवाळ होतो.

याच कारणाने फझच्या आधी ट्यूनर पेडल ठेवू नका. बऱ्याच ट्यूनरमध्ये बफर असतो.

आता फझ. तो स्वतः बनवलेला असेल किंवा उघडता येत असेल तर दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर व्होल्टेज मोजा. ९ व्होल्टच्या सप्लायवर तिथे ४.५ च्या आसपास हवेत. ७–८ दिसले तर सूर संपताना थुंकल्यासारखा तुटतो, आणि २ च्या खाली गेले तर आवाज चेपलेला, मेलेला येतो. मूळ सर्किटमध्ये तिथे ८.२ किलोओम आहे. त्याऐवजी १० किलोओमचा ट्रिमपॉट लावून कानाने आणि मीटरने जुळवा.

नवीन बांधायचा असेल तर यादी इतकीच: दोन बीसी ५४७बी, रेझिस्टर ४७० ओम, ८.२ किलो (किंवा ट्रिमपॉट), ३३ किलो, १०० किलो, कपॅसिटर २.२ मायक्रोफॅरड इनपुटला, २२ मायक्रोफॅरड फझच्या पॉटला, ०.०१ मायक्रोफॅरड आउटपुटला. पॉट १ किलो आणि ५०० किलो. सगळं बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत मिळतं. एकच जपा, ट्रान्झिस्टर ‘बी’ गटाचाच मागा. ‘सी’ गटाचा गेन इतका जास्त असतो की खरखर वाढते आणि कधीकधी रेडिओ ऐकू यायला लागतो. रेडिओ आलाच तर दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर आणि बेसमध्ये १०० पिकोफॅरडचा सिरॅमिक लावा. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे धरली, पाय खाली, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. जुन्या धातूच्या टोपीच्या बीसी १०८ चे पाय वेगळे असतात, ते बदली टाकताना हमखास उलटे लागतात.

---

नारायणपेठी

जर्मेनियमचा मोह कुणी दाखवेल, म्हणून आधीच लिहितो. जर्मेनियम ट्रान्झिस्टरची गळती तापमानासोबत झपाट्याने वाढते आणि बायस (ट्रान्झिस्टर ज्या व्होल्टेजवर बसवलेला असतो तो) सरकतो. डिसेंबरात पहाटे जुळवलेला फझ एप्रिल-मेमध्ये, वरच्या मजल्यावरच्या तापलेल्या खोलीत, दुपारी बसलेल्या घशाचा होतो. पुण्यात बारा महिने एकसारखा आवाज हवा असेल तर सिलिकॉनच बरा. शिवाय जुन्या पद्धतीच्या पीएनपी जर्मेनियम फझमध्ये बॅटरीचा धन टोक ग्राउंडला असतो. तो डिले आणि वाहच्या एकाच अ‍ॅडॉप्टरवर जोडला की सप्लाय शॉर्ट होतो. त्याला स्वतःची ९ व्होल्टची बॅटरी द्यावी.

गुरगुरीबद्दल. तुमची गुरगुर दोन प्रकारची असणार आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

जाड, गोल ‘हूँऽऽ’ म्हणजे ५० हर्ट्झ, सिंगल कॉइल पिकअप आसपासच्या ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र पकडतो ती. गिटार घेऊन जागच्या जागी हळूहळू फिरा, एका दिशेला ती जवळजवळ नाहीशी होते. खुर्ची त्या दिशेला ठेवा आणि अ‍ॅडॉप्टर गिटारपासून दूर न्या. पाच पोझिशनचा स्विच असेल तर दोन आणि चार नंबरवर दोन पिकअप मिळून ती कमी होते (मधला पिकअप उलट गुंडाळलेला असेल तरच). पण तुम्हाला हवा तो आवाज एकट्या नेक (मानेजवळच्या) पिकअपचा आहे, त्यामुळे बसायची दिशा हाच खरा इलाज.

दुसरी, तीक्ष्ण ‘झर्रर्र’. ती पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमुळे किंवा दिव्याच्या डिमरमुळे येते. गोल फिरणारा, पायऱ्या नसलेला रेग्युलेटर ट्रायॅकने वीजलहर कापतो आणि त्या कापाचा कचरा घरभर वायरिंगमधून पसरतो. रेकॉर्डिंगपुरता पंखा बंद ठेवा किंवा पायऱ्यांचा, कपॅसिटरवर चालणारा रेग्युलेटर बसवून घ्या. शेजारच्या खोलीतला पंखाही हाच त्रास देऊ शकतो, तोही बंद करून पाहा.

मग लॅपटॉप. चार्जर काढून बॅटरीवर चालवा. गुरगुर गेली तर चार्जर दोन पिनचा आहे किंवा सॉकेटला अर्थिंग नाही. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत आणि जुन्या इमारतींत तीन पिनचं सॉकेट असूनही मागे दोनच तारा असण्याचे प्रकार आहेत. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. गुरगुर घालवण्यासाठी अर्थची पिन कधीही काढू नका. तारांना हात लागलेला असतो आणि त्या तारा पिन काढलेल्या उपकरणाशी जोडलेल्या असतात.

---

जुनी_टेप

अल्बमबद्दलचं आधी सांगतो. बूट्सी यात नाही, तो १९७२ पासून आला. इथे बेस बिली नेल्सन, ड्रम टिकी फुलवूड, की-बोर्ड बर्नी वॉरेल, ऱ्हिदम गिटार टॉल रॉस आणि मुख्य गिटार एडी हेझल. रेकॉर्डिंग डेट्रॉइटच्या युनायटेड साउंड सिस्टिम्समध्ये झालं, प्रकाशन १९७१ च्या उन्हाळ्यात वेस्टबाउंडकडून.

मागे कोणता ट्रॅक ठेवावा, याचं उत्तर या ध्वनिमुद्रणातच आहे. स्टुडिओत बँड वाजवत होता. बँडचा प्रमुख जॉर्ज क्लिंटन याने मिक्स करताना बाकीची वाद्यं जवळजवळ सगळी खाली ओढली आणि एक साधी, सुटी वाजवलेली, स्वच्छ आवाजाची गिटार तेवढी ठेवली. हेझलला त्याने वाजवण्याआधी सांगितलं होतं, की आई गेल्याची बातमी आत्ताच कळली आहे असं वाजव. वादन तर थोर आहेच. पण ते दहा मिनिटं तुम्हाला खुर्चीला धरून ठेवतं त्याचं निम्मं कारण ती रिकामी जागा आहे. २००५ च्या आवृत्तीत याच ट्रॅकचं एक पर्यायी मिक्स दिलं आहे, त्यात ताल जास्त ऐकू येतो. दोन्ही एकामागून एक ऐका. वाजवणारा तोच, पण मागे ताल आला की त्याच सुरांचं वजन उतरतं.

म्हणून ड्रमचा ट्रॅक काढून टाका. फझचा सूर आणि झांजा, हाय-हॅट हे वरच्या भागात एकमेकांच्या जागेवर बसतात. ड्रम ठेवलेत तर गिटारचा वरचा भाग तरी कापावा लागेल किंवा झांजा तरी. दोन्हींत तोटा तुमचाच.

मागची गिटार अशी करा: नेक पिकअप, फझ बंद, टोन सहावर, ई मायनरभोवतीचे कॉर्ड एकेक तार छेडत संथपणे. चार आवर्तनं वाजवून लूप करू नका. दहा मिनिटं सलग हाताने वाजवा. लूपमध्ये प्रत्येक वेळी तीच तार त्याच जोराने वाजते आणि तिसऱ्या मिनिटाला कान बाहेर पडतो. हाताने वाजवलेल्यात जोर कमी-जास्त होत राहतो आणि पुढच्या वादकाला धरायला काहीतरी मिळतं. क्लिकवर (तालाच्या ठोक्यावर) वाजवायचं असेल तर क्लिक फक्त मागच्या गिटारला. मुख्य गिटार वाजवताना तो बंद.

एको. मुळात तो एकोप्लेक्सचा, म्हणजे टेपवरचा आहे, आणि मिक्समध्ये दिलेला आहे. तुमचा डिले पेडल फझच्या आधी लावलात तर प्रत्येक प्रतिध्वनी फझमध्ये चिरडून चिखल होईल. पेडल बाजूला ठेवा, कोरडं रेकॉर्ड करा आणि डिले नंतर सॉफ्टवेअरमध्ये वेगळ्या सेंडवर (मूळ आवाजाला समांतर वाटेवर) द्या. सुरुवात ३५०–४०० मिलिसेकंद, फीडबॅक ३० टक्क्यांच्या आसपास, डिलेच्या पुढे ईक्यू लावून २०० हर्ट्झच्या खालचं आणि ३ किलोहर्ट्झच्या वरचं कापलेलं. टेपवर प्रत्येक आवृत्ती आधीचीपेक्षा मंद आणि धुरकट होत जाते. डिजिटल डिलेत ती तशीच लख्ख राहते, म्हणून नवा सूर आणि जुना प्रतिध्वनी एकमेकांवर आदळतात. फिल्टर फीडबॅकच्या वळणात टाकता येत असेल तर तिथेच टाका. थोडं मॉड्युलेशन द्या, ऐकून कळणार नाही इतकंच.

सेंडचा फेडर एका जागी ठेवू नका. वाक्य चालू असताना खाली, वाक्याचा शेवटचा सूर सुटताना वर. दहा मिनिटांत हे हाताने, ऑटोमेशन लिहीत करा. प्रतिध्वनी मुख्य आवाजाच्या विरुद्ध बाजूला सरकवलात तर खोली मोठी होते.

---

कर्वेनगर_तारा

डासाचा आवाज: फझ कधीच स्पीकरशिवाय ऐकायचा नसतो. गिटारचा १२ इंची स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं वाजवतच नाही. तुम्ही तो सगळा कचरा सरळ हेडफोनमध्ये ऐकताय. फझनंतर इंटरफेस, मग अँपचं सॉफ्टवेअर, आणि त्यात कॅबिनेटचा इम्पल्स रिस्पॉन्स (स्पीकरच्या आवाजाचा मोजून घेतलेला ठसा) अनिवार्य. चार स्पीकरचं बंद कॅबिनेट निवडा, माइक मध्यापासून जरा बाजूला. अँप जवळजवळ स्वच्छ, गेन जेमतेम फुटायला लागेल इतका, ब्राइट स्विच बंद. त्यापुढे हाय कट ५ ते ५.५ किलोहर्ट्झ, लो कट ९०. इंटरफेसचा गेन कमीत कमी ठेवून पातळी फझच्या व्हॉल्यूमने जुळवा, शिखरं उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. इंटरफेसचं इनपुट फाटलं की तो फाटका आवाज कुठलाही कॅबिनेट झाकत नाही.

सॉफ्टवेअरमधला फझ वापरून पेडल घरी ठेवू, असा विचार असेल तर सोडा. पिकअप आणि फझ यांच्यातली ओढाताण त्यात नसते, कारण मध्ये इंटरफेसचं १ मेगाओमचं इनपुट येतं. गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावर फझचं जे साफ होणं आहे ते खऱ्या पेडलमध्येच मिळतं, आणि हा सगळा खेळ त्या व्हॉल्यूमच्या नॉबवरच आहे. फझ नऊ-साडेनऊवर कायमचा चालू. गिटार ६ वर ठेवली की काचेसारखा स्वच्छ, किंचित खरखरीत आवाज. ८ वर रडका. १० वर पूर्ण पेटलेला. करंगळी नॉबवर राहील असा उजवा हात बसवा. पेडल चालू-बंद करत वाजवलंत तर दोन वेगळे आवाज जोडल्यासारखे वाटतील. केबल ३ मीटरची पुरे, ६ मीटरने वरचा भाग खाल्ला जातो.

सूर मरण्याचं कारण हेडफोन. मोठ्या अँपसमोर स्पीकरची हवा तारेला पुन्हा हलवते आणि सूर टिकतो. हेडफोनमध्ये हे होत नाही. काय करता येईल: नेक पिकअप तारांच्या फार जवळ असेल तर खाली करा. शेवटच्या फ्रेटवर सहावी तार दाबून तार आणि पिकअपच्या खुंटीत ३ मिमी तरी अंतर हवं. जवळच्या चुंबकाने तार ओढली जाते, सूर टिकत नाही आणि जाड तारांवर सूर डगमगतो. तारांची उंची बाराव्या फ्रेटवर २ मिमीच्या आसपास. त्याहून खाली ठेवलीत आणि मानेची गोलाई ७.२५ इंचाची असेल, तर पूर्ण स्वराचा बेंड करताना (तार ताणून सूर चढवताना) तार वरच्या फ्रेटला टेकून गुदमरते. ब्रिज तरंगता असेल तर बेंड करताना बाकीच्या तारा उतरतात. मागच्या खाचेत लाकडी ठोकळा बसवा किंवा पाचही स्प्रिंग लावून पंजा आवळा. तारा १० ते ४६. पावसाळ्यात त्या लवकर गंजतात आणि गंजलेली तार बेंडला खरखरते, रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी बदलून ताणून घ्या.

हे करूनही शेवटची सात-आठ सेकंद हवी असतील तर उपाय एकच, तासावर मिळणारा जॅमपॅड, म्हणजे सरावाची खोली. तिथल्या अँपसमोर एक-दीड मीटरवर उभं राहून मुख्य गिटार रेकॉर्ड करा. मागची गिटार घरी झाली तरी चालते.

---

धानी

वाजवण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

हेझलचं हे वादन ई मायनर पेंटॅटॉनिकवर उभं आहे: ई, जी, ए, बी, डी. पांढरी तीनला (म्हणजे ईला) षड्ज धरलात तर सा, कोमल ग, म, प, कोमल नी. म्हणजे धानीचे स्वर. राग धानी वाजतोय असं मी म्हणत नाही, चलन पूर्ण वेगळं आहे. पण आपल्या कानाला हे पाच स्वर ओळखीचे आहेत, त्याचा सरावाला उपयोग करून घ्या.

पांढरी तीनचा तानपुरा लावा, अ‍ॅपवरचा चालेल, आवाज बारीक. बारीक का, तर षड्जाच्या तारेतून शुद्ध गंधार आपोआप निघतो आणि फझमधून आलेला कोमल ग त्याला भिडून घासतो. सुरुवातीला फझ बंदच ठेवा.

बाराव्या फ्रेटची जागा घ्या. तीन बेंड पक्के करा. दुसरी तार पंधरावा फ्रेट, नीवरून सा. तिसरी तार चौदावा, मवरून प. पहिली तार पंधरावा, गवरून म. पहिला बेंड पहिल्या तारेच्या बाराव्या फ्रेटशी पडताळता येतो, दोन्ही एकदम वाजवा, डोलणं थांबलं की सूर लागला. फझ चालू असताना अर्धवट लागलेला बेंड दुप्पट बेसूर वाटतो, कारण स्वरांश वाढलेले असतात. याच कारणाने मुद्दाम हवं असेल तेवढं सोडून फझवर दोन तारा एकत्र वाजवू नका. न वाजणाऱ्या तारा उजव्या हाताच्या तळव्याने आणि डाव्या तर्जनीच्या टोकाने दाबून ठेवा.

मग वेग. नीवरून सावर पोचायला अर्धा सेकंद घ्या, नंतर दोन सेकंद, नंतर चार. मींड जशी घोटतो तसंच. बेंड वर नेऊन तार न छेडता खाली सोडणं हे याहून अवघड आहे, त्याला जास्त वेळ द्या. कोमल गला किंचित वर ढकलायचं, शुद्ध गपर्यंत न नेता. ब्लूजचा गंधार त्या फटीत राहतो.

कंपन बेंडच्या टोकावर, रुंद आणि संथ, मनगटातून. बोटातून केलं की थरथर येते.

दहा मिनिटं भरायची आहेत म्हणून सगळी जागा पहिल्या दोन मिनिटांत खर्च होते, बहुतेकांचं इथेच फसतं. पहिली दोन मिनिटं व्हॉल्यूम ६–७ वर, बाराव्या फ्रेटच्या खाली, तीन-चार स्वरांचं एक वाक्य, मग तेवढीच शांतता. वाह तिसऱ्या-चौथ्या मिनिटाच्या आधी नको. तो तालात चालवू नका. एका जागी थांबवून सूर धरा, आणि सूर मरत असताना टाच हळूहळू खाली न्या. फंकाडेलिकचा नंतरचा गिटारवादक मायकेल हॅम्प्टन हे वादन वाजवून दाखवूनच बँडमध्ये आला, आणि त्याच्या वादनातही थांबे ऐकण्यासारखे आहेत.

---

जुनी_टेप

पूरक: पहिल्या ट्रॅकवरच अडकून राहू नका. ‘सुपर स्टुपिड’मध्ये हाच फझ रिफमध्ये, जवळजवळ हेवी रॉकसारखा वापरलाय आणि गायलाही हेझलच. त्याच्याआधीच्या ‘यू अँड युअर फोक्स, मी अँड माय फोक्स’मध्ये ड्रमवरच एको आणि विकृती टाकून त्यांना पुढे आणलंय. म्हणजे पहिल्या ट्रॅकमध्ये ताल काढून टाकला आणि इथे तोच तोंडावर आणून ठेवला. एकाच स्टुडिओत, त्याच माणसांकडून. मिक्स करायला बसण्याआधी हे तिन्ही ट्रॅक हेडफोनवर ओळीने ऐका.

---

कोथरूड_सहातारी

सगळ्यांचे मनापासून आभार. क्रम उलटा करून वाह चालू झाला. कॅबिनेट लावल्यावर डासही गेला. पायऱ्या नसलेला रेग्युलेटर शेजारच्या खोलीत आहे, तो बंद केल्यावर झर्रर्र जवळजवळ संपली.

दोन शंका. व्हॉल्यूम ६ वर नेला की आवाज साफ होतो पण फार बारीक आणि चरचरीत होतो. आणि फझ अ‍ॅडॉप्टरवर चालवू की बॅटरीवर?

---

पासोड्याचा_सोल्डर

गिटारच्या व्हॉल्यूम पॉटवर ट्रेबल ब्लीड आहे का पाहा. पॉटच्या दोन पायांत एक छोटा कपॅसिटर, बहुधा १ नॅनोफॅरडचा, सोल्डर केलेला असतो. फझ फेससोबत तो नकोच. व्हॉल्यूम कमी केला की फझ आपणहून उजळ होतो, त्यात ब्लीडने आणखी भर पडते. एक पाय सोडवून ठेवा, काढून टाकू नका, दुसऱ्या अँपवर लागेल. त्यानंतरही बारीक वाटलं तर इनपुटचा कपॅसिटर मोजा. कुणीतरी २.२ मायक्रोऐवजी ०.१ टाकलेला असतो, मग खालचा भाग येतच नाही.

बॅटरीवर चालवा. ९ व्होल्टची साधी झिंक-कार्बन, अल्कलाइन नको. तिच्यावर आवाजाचं टोक मवाळ होतं असं बऱ्याच जणांना वाटतं. हा फझ एक मिलिअ‍ॅम्पियरच्या आसपासच खातो, बॅटरी खूप चालते. फक्त वाजवून झाल्यावर इनपुटची केबल काढा, कारण बहुतेक पेडलमध्ये बॅटरीचा स्विच इनपुटच्या जॅकमध्येच असतो. जॅमपॅडला जाताना ७.५ व्होल्टच्या खाली गेलेली बॅटरी नेऊ नका, आणि ट्रिमपॉट घरच्या बॅटरीवर जुळवला असेल तर तीच बॅटरी सोबत न्या.